इंजिनाचं पन्हं

"काका, तुमच्यासोबत कोण आहे?" थेंबांची बाटली हातात धरून नर्स हेमांगीनं विचारलं.

"भाचा येतोय. गाडी लावायला गेलाय," दिनकरराव म्हणाले आणि लगेच ओशाळले. त्यांना भाचा नव्हता. मुलगा कॅनडात होता, बायकोला, पद्माला, जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळी नया बाज़ारातून निघताना त्यांनी शेजारच्या घराची कडी वाजवायला हात उचलला होता; पण लोकांना कशाला त्रास, असं म्हणून तो तसाच खाली घेतला होता.

"मग ठीक. मान वर करा. थोडंसं झोंबेल, हां." हेमांगीनं दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. "आता दो-तीन घंटे नीट दिसणार नाही. डोळे मिटून बसा. आणि भाचा आला की माझ्याकडे पाठवा. सोबतच्या माणसाशी बोलल्याशिवाय डॉक्टरसाहेब ऑपरेशनची तारीखच नाही देत."

दिनकरराव बाकावर बसले. स्टेशनाजवळच्या पडाव भागातला हा डोळ्यांचा दवाखाना मे महिन्यात भट्टीसारखा तापे. कोपऱ्यात मोठा कूलर घरघरत होता, पण त्यातलं पाणी संपलेलं असावं. नुसती गरम हवा तोंडावर येत होती. भाच्याचं आता काय सांगायचं, याची ते मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले. ट्रॅफिकमध्ये अडकला म्हणावं? की सरळ खरं सांगावं? खरं सांगायलाही लाज वाटत होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन बसलं. तेवढ्यात शिपायानं बादलीभर पाणी कूलरमध्ये ओतलं. पंपाचा आवाज बदलला, आणि थोड्याच वेळात गार वाऱ्याची झुळूक आली.

"लू लग गई थी बेचारे को," शेजारचा माणूस कूलरबद्दल स्वतःशीच पुटपुटला. "पन्ना मिल गया."

दिनकररावांनी डोळे उघडले. पांढऱ्या कपड्यांचा एक धूसर आकार तेवढा दिसला. पण आवाज ओळखायला डोळे लागत नव्हते. तो दौलतसिंह होता.

विमानतळावर दोघांनी बारा-पंधरा वर्षं एकत्र काढली होती. दौलतसिंह इंजिनांवर, दिनकरराव स्टोअरमध्ये. उन्हाळ्यात हवा तापली की विरळ होते, आणि इंजिनाला दम पुरत नाही. नेमका उड्डाणाच्या वेळीच त्याला सगळ्यांत जास्त जोर लागतो. म्हणून त्या जुन्या आव्रो विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण फवारत. पाण्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, दाट होते. मेथॅनॉल त्यात जळून जोराची भर घालतं. विमान वर चढलं की फवारा बंद. काम थोड्याच वेळाचं, पण तेवढ्या वेळात ते लागायचंच. नव्यानं आलेला प्रत्येक जण विचारी, "आग में पानी क्यों डालते हो, उस्ताद?" मग दौलतसिंह ऐटीत म्हणे, "अबे, इंजन को भी लू लगती है. पन्ना पिला रहे हैं!" पन्ना म्हणजे कैरीचं पन्हं, उन्हाच्या झळीवरचा, लूवरचा घरगुती उतारा.

पन्ह्यात घालायच्या त्या मेथॅनॉलची किल्ली दिनकररावांकडे असे. पिंपांवर विषाची खूण होती. पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग बहुधा माणूसही, हे दिनकररावांनी पुस्तकात वाचलं होतं. दौलतसिंह मात्र हसे. "साहब लोगों ने डराने को लिख रखा है. स्पिरिट तो स्पिरिट है, दिनकर."

मग दौलतसिंहच्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. वरात दारात होती. मागच्या अंगणात बाजा ऐकत पुरुषमंडळी पेले घेऊन बसली होती, आणि त्यांच्यामध्ये एक कॅन होता, पिवळ्या पट्ट्याचा, त्यांच्याच स्टोअरमधला, मेथॅनॉलचा. दिनकररावांनी तो ओळखला. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटे. ते पुढे झाले, पायानं कॅन आडवा केला, आणि सगळं नालीत वाहून जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

"क्यों बाबूजी, स्टोर में माल कम पड़ गया?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दौलतसिंह हसला नाही. "भरी बारात में मेरी नाक काट दी तूने," तो म्हणाला. "आज से तू मेरा कोई नहीं."

त्यानं शब्द पाळला. बदलीही मागून घेतली. त्यानंतर दिनकररावांनी दुसरा मित्र केला नाही. तशी हिंमतच झाली नाही.

कारण त्या कॅनमध्ये काय होतं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. रिकामे कॅन तर सगळेच घरी नेत. कुणी रॉकेल ठेवी, कुणी पाणी. त्यात साधी दारू असली तर? मेथॅनॉलचा वास दारूसारखाच, त्यामुळे वास घेऊनही उलगडा झाला नसता. कुणी प्यायलं नाही, कुणाचे डोळे गेले नाहीत. मग आपण बरोबर होतो हे ठरवायचं कशावरून? तीसेक वर्षं हा एकच प्रश्न त्यांनी रात्री कूस बदलताना स्वतःला विचारला होता.

आता विचारावं. फक्त एवढंच, दौलत, त्यात काय होतं? दिनकररावांनी घसा खाकरला. शेजारचा आकार हलला नाही. त्यांचा धीर झाला नाही.

"बाबूजी, अम्माजी की पट्टी थोड़ी देर में खुलेगी," हेमांगी दौलतसिंहला सांगत होती. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं असावं. "ये दवाई रखिए, कैसे डालनी है पीछे लिखा है."

दौलतसिंहनं औषधाच्या खोक्यावरचं सगळं वाचून दाखवलं, कुठं न अडखळता.

"अरे वाह! बिना चश्मे के इतना बारीक?"

"हाँ, बेटा," दौलतसिंह म्हणाला. "बच गईं."

"क्या बच गईं?"

"आँखें."

हेमांगी हसली, म्हाताऱ्याची काहीतरी गंमत असेल असं तिला वाटलं. दिनकररावांनी बाकाची कड घट्ट धरली. औषधानं आधीच पाणावलेले डोळे त्यांनी पुसले नाहीत.

"दिनकरकाका! भाचा आला का तुमचा?"

ते चाचपडत उठले. "नाही... म्हणजे, भाचा असा..."

"मैं हूँ इनके साथ," मागून आवाज आला.

"आप? आप तो अम्माजी के साथ हो ना?"

"उनके भी हूँ. लिखो तारीख."

डॉक्टरांनी दिनकररावांचे डोळे तपासले, दौलतसिंहशी दोन शब्द बोलले, आणि हेमांगीनं पुढच्या मंगळवारची तारीख दिली. मग एक कडक, खरबरीत पंजा दिनकररावांच्या कोपराला लागला आणि त्यांना पायऱ्या उतरवून रस्त्यावर घेऊन आला. स्टेशनाकडून येणाऱ्या गाड्यांचा गोंगाट होता. उन्हात सगळं पांढरं फटक झालं होतं. दौलतसिंहनं लांबूनच येणाऱ्या गाडीवरची पाटी वाचली, "नया बाज़ार," आणि ई-रिक्शा थांबवली.

"दवा वाले के बगल की गली में, आख़िरी मकान. दरवाज़े तक छोड़ना, इनको दिख नहीं रहा."

घर त्याच्या लक्षात होतं.

"भाई हैं आपके?" रिक्शावाल्यानं विचारलं.

"साथ काम करते थे."

पंजा कोपरावरून सुटला. दिनकररावांच्या ओठांवर कितीतरी आलं होतं. पण दौलतसिंह अजून एक शब्दही त्यांच्याशी बोलला नव्हता, आणि आपण आधी बोलावं की नाही, हे ठरण्याआधीच रिक्शा हलली.

त्यांनी मागे वळून पाहिलं. उन्हाच्या लखलखाटात पांढरा आकार पांढऱ्या गर्दीत मिसळून गेला होता. तो तिथं उभा आहे की आत गेला, काही कळेना. तरी दिनकररावांनी हात वर केला, आणि वळण येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

तो उभा असेल तर त्याला नक्की दिसला असेल.