गेटवर अडकलेला गाळा नंबर

अमरावतीची नम्रता विश्रांतवाडीतल्या एका खोलीत बसून मार्केट यार्डाचं ॲप सांभाळायची. माल घेऊन आलेल्या चालकाला त्यावर गाळा नंबर मिळे. पूर्वी हे काम तिघं करत. दोघांना कंपनीनं दिवाळीनंतर कमी केलं.

मंगळवारी सकाळी तिनं नवी आवृत्ती चढवायला घेतली. ॲपच्या सहा प्रती सर्व्हरवर एकाच वेळी चालत. त्या सांभाळणारा प्रोग्राम, ऑर्केस्ट्रेटर, त्या एकेक करून बदलायचा. नवी प्रत तपासणीत पास झाली की मगच जुनी बंद व्हायची. नऊपर्यंत सहाही बदलल्या. पडद्यावर सगळं हिरवं. तिनं ग्रुपवर 'झालं' असं टाकलं. वाचणारं कोणी उरलं नव्हतं, सवयच होती.

तेवढ्यात तक्रारींचा फोन वाजला.

"मी दत्तोबा. कांद्याची गाडी घेऊन गेटवर उभा हाय. गाळा नंबरच दिसंना."

"ॲप उघडतंय का?"

"उघडतंय की! नंबराच्या जागी कोरं हाय. मागं धा गाड्या लागल्यात."

तिच्या लगेच लक्षात आलं. ॲप चालू आहे का, एवढंच ती तपासणी विचारत होती. नंबर येतो का, हे नाही. आणि तपासणी तिनंच लिहिली होती. तिनं जुनी आवृत्ती परत आणायची आज्ञा दिली.

"दोन मिनिटं. फोन ठेवू नका."

पलीकडे हॉर्न, हमालांचे आवाज, कोणाचं तरी हसणं. ती कान देऊन ऐकत राहिली.

"आला! बत्तीस."

"बाकीच्यांचा आला का, जरा विचारता?" ते तिला पडद्यावर दिसतच होतं.

"आला समद्यांचा. ताई, तुमच्यात दुसरं कोणी नाही का फोन घ्यायला?"

"नाही. मी एकटीच आहे."

हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती.

"अरे देवा," दत्तोबा म्हणाला. मागून कोणीतरी ओरडलं. "गाडी काढतो, ताई." फोन बंद झाला.

तिनं तपासणी दुरुस्त केली. दुपारी आधी एकच प्रत बदलली, अर्धा तास थांबली, मग बाकीच्या. सगळं सुरळीत झालं. कोणाचाही फोन आला नाही.

संध्याकाळी तिनं कंपनीतल्या तिच्या वरिष्ठांना, इंद्रजीत साहेबांना, फोन लावला.

"उद्यापासून सकाळी दहा मिनिटं माझ्याशी बोलाल का?"

"कशासाठी?"

"नवी आवृत्ती चढवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी बघितलेलं बरं."

"ठीक आहे. साडेनऊला."

दिवसभर बोलायला कोणी नसतं, हे खरं कारण तिनं सांगितलं नाही.