एकदा पडलेलं जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं जॅकेट आहे, मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांसाठी शिवलेलं. सगळं आयुष्य बायकांच्या अंगावर गेलं, म्हणून बोलतेही मी बाईसारखीच. तेवढं चालवून घ्या. माझी गोष्ट फार मोठी नाही, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते. कौतुक मला पोटभर मिळालं. पण ज्या कामासाठी मी जन्मले, ते काम ऐन वेळी माझ्या हातून झालं नाही.

माझा जन्म दुकानांच्या वरच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे चार शिलाई मशिनं होती, कापड बेतायचं मोठं टेबल होतं आणि खिडकीपाशी डोकं नसलेला एक पुतळा उभा असे. तिथल्या मालकीणबाई स्वतः मोटरसायकलवरून यायच्या. तरुणपणी त्या भावाचं जॅकेट घालून फिरायच्या आणि तशाच एकदा पडल्या होत्या. ते जॅकेट इतकं ढगळ, की कोपराचं पॅड घसरून मनगटापाशी आलं आणि कोपर बिचारं उघड्यावर पडलं. त्या कोपराची खूण त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बाही वर करून दाखवायच्या.

मला मात्र त्यांनी मोठ्या हौसेने बेतलं. कापड जाड आणि चिवट, रस्त्यावर घासलं तरी सहज न फाटणारं. रंग गडद जांभळा. छातीला पुरेशी जागा, कंबरेत छान घेतलेलं, आणि जेवण जरा जास्त झालंच तर सैल करायला दोन्ही बाजूंना चेन. वाकून बसलं तरी कंबर उघडी पडू नये म्हणून पाठ चार बोटं लांब ठेवली होती. खांदे, कोपरं आणि पाठ यांच्या जागी आतून खिसे होते आणि त्या खिशांत पॅड. वरून कडक, आतून मऊ.

"हे पॅड मार स्वतः खातं आणि आपलं हाड वाचवतं," मालकीणबाई सांगायच्या. "पण एकदाच हं. एकदा जोरात पडलात, की ते वरून कितीही धड दिसू दे, संपलं म्हणून समजायचं. काढायचं आणि नवं घालायचं." हेच त्यांनी एका पांढऱ्या पट्टीवर छापून माझ्या मानेशी शिवलंही होतं.

मला घ्यायला दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. रोज सकाळी मोटरसायकलच्या मागे बर्फाचा डबा बांधून ती घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत फिरायची. धाकटी एका पार्लरमध्ये केस कापायची. थोरलीने मला अंगात घातलं आणि आरशापुढे तीनदा वळून पाहिलं.

"अगं, हे तर माझ्याच मापाने शिवल्यासारखं आहे!"

"घे, घे," धाकटी म्हणाली. "यात तू चक्क बारीक दिसतेस. असा चमत्कार रोज होत नाही."

घरी त्यांची आई होती. एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती ती आणि तिने एकटीने दोघींना वाढवलं होतं. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, माझी शिवण ओढून पाहिली आणि मान डोलावली. "आहे चांगलं. पण एक ऐकून ठेव. एकदा जरी पडलीस ना, तर गाडीची किल्ली माझ्याकडे. मग फिर पायी, डबा डोक्यावर घेऊन."

आई हे हसत म्हणाली होती. थोरलीने ते खरं धरलं.

तिसऱ्या दिवशी मानेला टोचते म्हणून थोरलीने ती पांढरी पट्टी कातरीने कापून टाकली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण ती पट्टी वाकून थोडी बाहेर डोकवायची आणि माझी शोभा जायची. मी तशी नटवी, खोटं कशाला बोलू.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. सकाळी सहा वाजता आम्ही निघायचो. दारं उघडायची, आणि सुईच्या धास्तीने आंबट झालेले चेहरे आम्हाला पाहून जरा हलके व्हायचे. एक म्हातारे आजोबा तर दर महिन्याला विचारायचे, "काय गं, रक्त काढायला आलीस की चंद्रावर निघालीस?" रस्त्यात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बायका विचारायच्या, कुठून घेतलं, मोठ्या मापात मिळतं का. मी फुलून जायचे.

मग एका कोरड्या, लख्ख सकाळी थोरली पडली. एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथल्या वळणावर बारीक खडी सांडली होती. गाडी घसरली आणि आम्ही दोघी उजव्या खांद्यावर आपटलो. माझ्या आत काहीतरी कट्कन मोडलं. बाहेरचं कापड खरवडून निघालं. पण थोरली मात्र उठून उभी राहिली, हात हलवून पाहिला आणि रस्त्याच्या कडेला बसून मलाच थोपटत राहिली. "वाचवलंस गं बाई," ती म्हणाली. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत अभिमानाचा क्षण. तिथेच माझं काम संपलं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिने अंगठ्याने माझा उजवा खांदा दाबून पाहिला. आतून करकर आवाज आला. तिला मालकीणबाईंचं बोलणं आठवलं असणारच. पण त्याहून जास्त तिला आईचं बोलणं आठवलं. किल्ली गेली की नोकरी गेली, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. घरी न जाता ती थेट रफू करणाऱ्या काकूंकडे गेली.

काकूंनी चष्मा पुसून मला निरखलं. "पडलीस का गं?"

"नाही हो. भिंतीला घासलं."

"आतलंही बघू का काय झालंय ते?"

"आतलं ठीक आहे, काकू. वरचं तेवढं झाका."

काकूंच्या हातात कसब होतं. त्यांनी खरवडलेल्या जागेवर पिवळ्या फुलांची नाजूक वेल भरली, खांद्यापासून दंडापर्यंत. मी पहिल्यापेक्षा देखणी दिसू लागले. सिग्नलवरचे प्रश्न दुप्पट झाले. आईने तर वेलीवरून हात फिरवून म्हटलं, "हे मात्र छान केलंस हं." थोरली खाली मान घालून बूट काढत राहिली. आणि मी? मी कौतुकात न्हाऊन निघत होते. आत मोडलेलं पॅड घेऊन मिरवत होते. आज ते आठवलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटतं.

वर्षभराने थोरलीला लॅबमध्ये बसायचं काम मिळालं आणि तिची मोटरसायकल धाकटीकडे आली. पार्लर दुसऱ्या टोकाला होतं, रोज दोन बस बदलाव्या लागायच्या. गाडी मिळाल्यावर तिने पहिलं काय केलं, तर खुंटीवरून मला काढलं.

"ताई, हे मला! कधीपासून डोळा आहे माझा यावर."

थोरलीने मला तिच्या हातातून घेतलं. तिचा अंगठा माझ्या उजव्या खांद्यावर येऊन थांबला. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"दे गं तिला. ताईचं जॅकेट अंगात असलं की मला घोर नाही. इतकी वर्षं वापरलं, एकदाही पडली नाही त्यात."

थोरलीने मला धाकटीच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "नीट चालव."

तिने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणू नका. त्याच आठवड्यात ती गुपचूप मालकीणबाईंकडे नवं पॅड आणायला गेली होती. त्या मापाचं नव्हतं, पुढच्या आठवड्यात ये म्हणाल्या. हे मला कसं कळलं, तर पुढे तिनेच रडत सांगितलं. पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये मशीन बिघडलं, मग कोणी रजेवर गेलं. धाकटी रोज सुखरूप घरी येत होती. महिना गेला, दोन गेले, आणि थोरलीच्या मनातली धास्ती हळूहळू पातळ झाली. रोज संध्याकाळी मी खुंटीवर टांगलेली असायचे आणि ती माझ्यासमोरून चहाचा कप घेऊन जायची. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

चौथ्या महिन्यात, भर दुपारी, उभ्या गाडीचं दार कोणीतरी मागे न बघता उघडलं. धाकटीचा वेग फारसा नव्हता. ती पडली ती उजव्या खांद्यावर, अगदी त्याच जागी. माझी पाठ कामाला आली, कोपरं कामाला आली. खांद्यात मात्र मी पोकळ होते. तिचं हाड मोडल्याचं मला कळलं, कारण आमच्या दोघींच्या मध्ये धड असं काहीच उरलं नव्हतं.

दवाखान्यात नर्सने माझी उजवी बाही कापली. पॅडचे दोन तुकडे तिच्या पायाशी पडले. थोड्या वेळाने डॉक्टर मला आणि ते तुकडे घेऊन बाहेर बाकापाशी आले. तिथे आई आणि थोरली बसल्या होत्या.

"खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. ऑपरेशन करावं लागेल. बाकी सगळं ठीक आहे." मग त्यांनी तुकडा उजेडात धरला. "पण हे आज मोडलेलं नाही. चिरेत धूळ बसलीय बघा. हे जॅकेट आधी कधीतरी चांगलं जोरात पडलंय."

मला बाकावर ठेवून डॉक्टर आत गेले. आई थोरलीकडे वळली. "काय म्हणतायत ते? तू तर कधी पडली नाहीस."

"पडले होते, आई." थोरली म्हणाली. "दीड वर्ष झालं. तू किल्ली काढून घेशील म्हणून बोलले नाही."

मला वाटलं, आता आईचा बांध फुटणार. पण आईने थोरलीच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुला लागलं होतं का गं?"

थोरली तिथेच, चालत्या-फिरत्या माणसांत, लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडली.

धाकटी तीन आठवडे ताईशी बोलली नाही. बोलली तेव्हा भांडलीही नाही, आणि मला वाटतं तेच थोरलीला जास्त लागलं. "ताई, नुसतं म्हणाली असतीस ना, की हे पडलेलं आहे, तरी मी हट्टाने घातलंच असतं. फक्त पॅड बदलून घातलं असतं."

परवा धाकटीची पार्लरमधली मैत्रीण भेटायला आली. तिनेही नुकतीच गाडी घेतली आहे. मला पाहून म्हणाली, "ही बाही शिवून घेतली तर? मला द्याल का? बायकांच्या मापाचं मिळत नाही हो कुठे."

क्षणभर मला मोह झाला, हे कबूल करते. पुन्हा रस्ता, पुन्हा सिग्नल, पुन्हा कोणीतरी विचारणार कुठून घेतलं. पण थोरली उठली. "नाही. हे दोनदा पडलेलं आहे," ती स्पष्ट म्हणाली, आईसमोर, धाकटीसमोर. "पहिल्यांदा मी पडले होते." आणि पुन्हा कोणाच्या अंगावर मी जाऊ नये म्हणून तिने कातरी घेऊन मला पाठीतून सरळ कापलं. आता मी दोन तुकडे होऊन एका पिशवीत आहे.

मित्रांनो, तुमच्या अंगावरचं जॅकेट, डोक्यावरचं हेल्मेट यांची काळजी घ्या, ती पडली की बदला, हे तर मी सांगतेच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुम्ही पडलात, तर घरी येऊन सांगा. ओरडा बसेल, किल्लीही जाईल कदाचित. तरी सांगा. आणि घरातल्या मोठ्यांनो, तुमचा पहिला प्रश्न काय असणार आहे, ते पोरांना आधीच कळू द्या.

धाकटी रोज संध्याकाळी भिंतीला तोंड करून उभी राहते आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर सरकवत वर नेते. जिथे थांबतील तिथे थोरली पेन्सिलीने खूण करते. पार्लरमध्ये केस वाळवायचा ड्रायर धरायला हात डोक्याच्या वर जायला हवा. गेले वीस दिवस खूण हनुवटीशीच आहे.