पापणीवरचं अंडं

साल १९५८. मनिलाजवळच्या पातेरोस गावात नदीकाठी त्या वर्षी बदकांवर रोग आला आणि घराघरातले थवे बघता बघता आडवे झाले. फेलिसाच्या सासरी उरली ती रोग येण्याआधी उबवायला ठेवलेली अंडी. एरवी ती अर्धवट उबवून, उकडून, बलुत नावाचं खाणं म्हणून विकायची. यंदा एकही विकायचं नव्हतं. यातून पिल्लं निघाली तर घरात पुन्हा बदकं. नाही तर तिच्या नवऱ्याला, गाविनोला, मनिलाच्या गोदीत हमाली. तो वरच्या तळ्याकडे कुणाची जिवंत बदकं मिळतात का ते बघायला गेला होता.

उबवण्याचं काम सासूबाईंचं, होनोराताबाईंचं. साळ, म्हणजे न सडलेलं भात, कढईत तापवून कापडात बांधायची आणि बांबूच्या कणग्यांत एक थर साळीचा, एक थर अंड्यांचा लावायचा. ऊब जोखायला अंडं मिटल्या पापणीवर टेकवायचं. अख्ख्या गल्लीत होनोराताबाईंच्या पापणीचा शब्द शेवटचा.

अंड्यांनी निम्मा पल्ला ओलांडला होता. या वयात आतलं पिल्लू स्वतःच ऊब देऊ लागतं. एका अंड्याची ऊब ती केवढी, पण कणगीभर अंडी एकमेकांना चिकटून बसली की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून साळ आता कमी तापवायची, हे फेलिसाला सासूबाईंनीच शिकवलेलं. आणि त्याच सासूबाई गेले दोन दिवस दर खेपेला म्हणत होत्या, गार आहेत, साळ अजून तापव.

फेलिसाने एक अंडं स्वतःच्या डोळ्याला लावलं. नेहमीपेक्षा गरम लागलं. तिने चाचरत तसं सांगितलं.

"तुझ्या माहेरी मासे धरतात," सासूबाई म्हणाल्या. "मासा काय, गारच. तुला ऊब कुठून कळायची?"

फेलिसा चुलीशी जाऊन साळ परतू लागली. आपलीच पापणी बधिर झाली असेल का? ऐकावं आणि अंडी मेली तर घर बुडालं. न ऐकावं आणि मेली तर गल्ली जन्मभर नाव ठेवील. तिने साळ मुद्दाम जरा निववून नेली. सासूबाईंनी हात घालताच ओळखलं आणि परत पाठवलं.

मग कापडाआड एक अंडं लपवून ती समोरच्या इसिद्रोआजोबांकडे गेली. त्यांनी ते डोळ्याला लावलं, गरम आहे म्हणाले, आणि लगेच घाबरले. होनोराता गार म्हणते तर गारच असेल, माझं काय, मी म्हातारा, असं पुटपुटत त्यांनी अंडं तिच्या हातात कोंबलं.

दुपारी साळीचं गाठोडं देताना तिची बोटं सासूबाईंच्या मनगटाला लागली. मनगट फणफणत होतं. चुलीच्या धगीने कोंदलेल्या त्या खोलीत म्हातारी अंगाभोवती घोंगडी आवळून दात दाबून बसली होती. आजारी बाईला कणगीजवळ कोण बसू देणार, म्हणून दोन दिवस ताप लपवलेला.

"आई, अंडी गार नाहीत. तुम्ही तापलाय. तुमच्याहून कमी गरम ते सगळं तुम्हाला गारच लागणार."

"मला काही झालेलं नाही."

फेलिसाने तिच्या मानेवर हात ठेवला. "मग हा कसा लागतो?"

"विहिरीच्या पाण्यासारखा," म्हातारी म्हणाली.

फेलिसाने परवानगीची वाट पाहिली नाही. कणग्या रिकाम्या केल्या, अंडी चटयांवर पसरली, पाणी शिंपडलं, वारा घातला. सुटी अंडी लवकर निवली. जिथे ढीग राहिला तिथे ऊब हटून बसली होती. खाटेवर जाऊन पडलेल्या सासूबाई म्हणत राहिल्या, "मेली तर तुझ्या माथी." फेलिसा "हो" म्हणायची आणि आणखी एक अंडं डोळ्याला लावायची, ते ना गरम ना गार लागेपर्यंत.

संध्याकाळी तिने अंडी दिव्यासमोर धरली. तळच्या थरांतली काळी, निश्चल. वरच्या थरांत मात्र एक सावली हलली, मग दुसरी. हलणारी तिने वेगळी काढली.

निम्म्याहून कमी अंड्यांतून पिल्लं निघाली, पण तेवढ्यांवर थवा पुन्हा उभा राहिला. गाविनो रिकाम्या हातांनी परतला. गोदीचं तोंड मात्र त्याला कधी पाहावं लागलं नाही. अंडी गरम आहेत हे आधी मीच ओळखलं, असं इसिद्रोआजोबा मरेपर्यंत सांगत. होनोराताबाई हिवतापातून उठल्या. चुकलं असं त्या कधी बोलल्या नाहीत, पण पुढच्या हंगामात स्वतः चुलीशी बसल्या आणि कणगीशी सुनेला बसवलं. पुढे नदी नासली. फेलिसा बदकं घेऊन तळ्याकाठी राहायला गेली आणि तिथेच म्हातारी होऊन वारली.