बायकोसाठी केलेली सायकल

मी जिन्याखालची सायकल बोलतेय. रागात बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते. गोड गोड ऐकायचं असेल तर शेजाऱ्यांची बाबागाडी इथेच उभी आहे, तिला विचारा. मी चढावर चालायला केलेली सायकल. जाड टायर, पोलादी सांगाडा, पुढे गिअरची तीन दातेरी चक्रं, मागे सात. आता त्यात भर म्हणून पोटाखाली मोटर आहे, तिरक्या दांड्यावर बॅटरी आहे आणि हँडलवर आकडे दाखवणारी एक काच आहे. येणारे जाणारे वाकून बघतात आणि म्हणतात, "काय मस्त केलीय." केलीय खरी. कोणासाठी केली आणि कोणाच्या पदरात काय पडलं, ते कोणी विचारत नाही.

बावीस वर्षांपूर्वी बाईने मला दुकानातून आणलं. बाई म्हणजे माझी मालकीण, दवाखान्यातली नर्स. दुकानदार तिला पुढे टोपली असलेली एक नाजूक सायकल दाखवत होता. "ही घ्या, बायकांना बरी पडते." बाईने विचारलं, "ही चढ चढेल का?" दुकानदार टोपली पुसायला लागला. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या एका प्रश्नामुळे मी तिची झाले, आणि मला ती तेव्हापासून आवडते.

तिचं काम घरोघर जाऊन रोग्यांना बघण्याचं. दवाखाना खाली, आणि तिची फेरी वरच्या वस्तीत. अकरा घरं. कोणाला इंजेक्शन, कोणाची जखम धुवायची, कोणाला कुशीवर वळवायचं. रस्ता असा उभा की दूधवाला गाडी खालीच लावतो. आम्ही दोघी मात्र रोज चढायचो. औषधांची पेटी मागे कॅरिअरला बांधलेली, बाई पुढे वाकलेली, मी सगळ्यात हलक्या गिअरमध्ये. वीस वर्षांत तिने मला एकदाही चिखलात आडवं टाकलं नाही.

या काळात तिचा नवरा मला काय म्हणायचा, ते सांगते. खटारा. "तुझा तो खटारा जरा बाजूला घे, पाय ठेवायला जागा नाही." तो कारखान्यात टर्नर आहे. लेथवर स्क्रूंना आटे पाडतो, हात सोन्यासारखा आहे असं सगळे म्हणतात. असेल. माझ्या चाकात त्याने कधी हवा भरली नाही.

मग बाईचा उजवा गुडघा बिघडला. चढाच्या मध्यावर ती उतरायला लागली. आधी एकदा, मग दोनदा, मग अर्धा रस्ता मला ढकलतच न्यायची. नऊला पोहोचणारी बाई दहाला पोहोचायची आणि शेवटच्या घरातला रोगी उपाशी इंजेक्शनची वाट बघत राहायचा. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने तिला बोलावून घेतलं. म्हणाली, "फेरी झेपत नसेल तर नोंदणीच्या खिडकीवर बसा. त्यात कमीपणा काही नाही." बाई घरी येऊन एवढंच म्हणाली, "मला खिडकीवर नाही बसायचं. माझी माणसं वर आहेत."

तेव्हा टर्नरला कल्पना सुचली. "खटाऱ्याला मोटर बसवू. चाकात नाही, मधे. पेडलच्या आसाच्या जागी. म्हणजे मोटरीची ताकद चेनमधून जाते, गिअर वापरता येतात, चढ लोण्यासारखा कापते." कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. बाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं. मला वाटलं, चला, माणूस वाईट नाही.

सुट्टीच्या दुपारी त्याने मला उलटं करून अंगणात ठेवलं. पेडलं काढली. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, उजव्याचा सरळ. ते त्याला माहीत होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. पेडलांचा आस ज्या नळीत बसतो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप असतात. त्यांचं गणित नेमकं उलट: उजवा कप उलट्या आट्याचा, डावा सरळ. हे त्याला माहीत नव्हतं. आट्यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाने थोडं इकडे, थोडं तिकडे करून बघितलं असतं. याने बघितलं नाही. याला माहीत होतं ना.

त्याने दोन्ही कप जीव खाऊन घट्ट केले. पान्याला हातभर पाईप लावला. रॉकेल ओतलं. मग छिन्नी लावून हातोडा घातला. त्याच्या खुणा अजून माझ्या पोटावर आहेत. शर्ट घामाने भिजला आणि दोष बाईला. "गंज खाल्लाय सगळा. वीस वर्षांत कधी ग्रीस लावलंस?"

बाई शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, दुसरीकडे फिरवून बघा की."

"तीस वर्षं आटे पाडतोय मी. तू मला आटे शिकवू नकोस."

"पेडलचं वेगळं असेल, हे वेगळं असेल."

"तू चहा टाक."

माझा तिळपापड झाला. पण दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर बाई अंगणात आली. पाना लावला, पाईप घातला, उजव्या कपाला उलट दिशेने जोर दिला. पहिल्यांदा काही झालं नाही. ती थांबली, रोग्याचा आखडलेला खांदा हलवताना थांबते तशी, आणि पुन्हा हळूहळू जोर दिला. कर्र आवाज झाला आणि कप फिरला. मग डावा. दोन्ही कप पुसून तिने कागदावर ठेवले आणि कामाला गेली.

संध्याकाळी टर्नरने कप पाहिले. "मी काढले," बाई म्हणाली. "उलटे फिरवून."

"बघ, रॉकेल मुरलं ना," तो म्हणाला. "सैल मीच करून ठेवले होते."

यावर ती नुसती हसली. तिथेच तिने त्याला धरायला हवं होतं. मी त्याच्याइतकीच तिच्यावरही चिडले आहे, ते इथपासून.

चार दिवसांत मोटर बसली. काम त्याने नीट केलं, तेवढं कबूल करते. वायरी सुबक बांधल्या, ब्रेक दाबताच मोटर बंद होईल अशी सोय केली. आणि मग म्हणाला, "आधी मी चालवून बघतो. काही कमीजास्त असेल तर कळेल." पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कारखान्यात गेला. तिसऱ्या दिवशीही. कारखान्याच्या फाटकाजवळ मंडळी जमायची. हा मोटरीवर थाप मारून सांगायचा, "बायकोसाठी केली." सगळे वाहवा करायचे. आणि त्याच वेळी बायको पेटी खांद्याला लावून, गुडघ्याला पट्टा बांधून पायी चढ चढत असायची.

खटारा हा शब्द त्या आठवड्यात बंद झाला. आता मी "माझी मशीन" होते. बॅटरीची चावी त्याच्या खिशात असायची.

मोठ्या सिस्टरने शेवटचं सांगितलं होतं: "शुक्रवारी मी स्वतः वर येते. साडेनऊला पहिल्या घरी दिसलात तर फेरी तुमची." बाईने हे त्याला मंगळवारी सांगितलं. बुधवारी सांगितलं. गुरुवारी जेवताना पुन्हा सांगितलं. तो घास चावत म्हणाला, "हो गं, लक्षात आहे."

शुक्रवारी सकाळी सातला तो मला घेऊन निघाला. "मॅनेजरना दाखवायचीय, साडेआठला परत आणतो." परत येताना त्याला चढावरून शान दाखवायची होती. जड गिअरमध्ये, मोटर पूर्ण जोरात, आणि तसाच खटकन गिअर बदलला. मधल्या मोटरीच्या सायकलवर गिअर बदलताना जोर क्षणभर सोडायचा असतो. बाई वीस वर्षं जोर सोडूनच बदलत आली होती, मोटर नसतानाही. याला कोण सांगणार? चेन तुटली. त्याने मला ढकलत आणलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

बाईने पावणेनऊपर्यंत वाट बघितली आणि पायी निघाली. ती दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचली. पहिल्या घरातल्या, पायाला जखम असलेल्या आजोबांची पट्टी मोठ्या सिस्टरने स्वतः बदलून ठेवली होती. तिने घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. हे सगळं मला बाई घरी सांगत होती तेव्हा कळलं. आवाज चढवून नव्हे, ताटातलं अन्न बाजूला करत.

टर्नर म्हणाला, "मग मला नीट सांगायचं ना."

"तीनदा सांगितलं."

"माझं काय सुख होतं त्यात? तुझ्यासाठीच केली ना ती?"

"नाही," बाई म्हणाली. "तुमची आहे ती. तुम्ही केलीत, तुम्हीच वापरा."

ते वाक्य मला फार लागलं. मोटर, बॅटरी, हातोडा, सगळं सोसलं, पण हे नाही. अगं बाई, मी कधी झाले गं त्याची?

सोमवारपासून ती खिडकीवर बसते. त्याने नवी चेन टाकली, मला पुसलं, चावी खिळ्याला लावली आणि तोंड पाडून बसने जायला लागला. त्याला वाईट वाटतंय, ते दिसतं. पण माफी मागायला तोंड उघडावं लागतं, आणि त्याला फक्त पाना उघडता येतो. दोन महिने झाले, चावीला कोणी हात लावलेला नाही. बॅटरी आपोआप उतरत चाललीय.

आणि आज ही बातमी. वरच्या फेरीवर नेमलेली नवी नर्स सोडून गेली. जागा पुन्हा भरायची आहे. बाईने अर्ज आणलाय. जिन्याखालून मला स्वयंपाकघरातलं टेबल दिसतं. ती चष्मा लावून बसलीय. लिहिते आणि मोठ्याने वाचते, ही तिची जुनी सवय. नाव लिहिलं, वय लिहिलं, अनुभव बावीस वर्षं लिहिला. मग सहावा प्रश्न वाचला: "फेरीसाठी स्वतःचे वाहन आहे का?"

पेन थांबलंय. तिने एकदा खिळ्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या दाराकडे, तो येतोय का ते. अर्ज उद्या बारापर्यंत द्यायचाय.

त्याला काय विचारायचंय, बाई? दुकानात तू एकटी होतीस. चढावर तू होतीस, मी होते. माझ्या पोटातले ते कप तूच सोडवलेस. मोटर त्याने बसवली म्हणून मी त्याची होत असेन, तर तू पट्ट्या बांधलेली सगळी माणसं तुझीच झाली असती. त्याच्यावर रागव, हवं तेवढं रागव, एकदा तरी मोठ्याने रागव. पण तो राग माझ्यावर काढून मला इथे गंजत ठेवू नकोस. एका शब्दाची तर जागा आहे त्या कागदावर.

आहे. लिही, आहे.