सोबतचा खेळ

"आणलंत ते मढं पुन्हा?" ओकुनोबाईंनी हिरोबेंना दुकानाच्या दारातच अडवलं. "मी मशीन मागितलं होतं हिरोबेसान, मशीन! हे दीपगृहाचं डबडं नव्हे."

"एका मशीनबरोबर एक डबडं, बाई. नियमच आहे तसा."

"कुणाचा?"

"आमच्या गोदामाचा."

"मग गोदामाला सांगा, नवरी पसंत पडली म्हणून तिची आजीपण कुणी घरात आणत नाही!"

हिरोबे हसले आणि खोकी आत ढकलली. बाईंनी बडबडत का होईना, ती घेतली. न घेऊन सांगतात कुणाला? टीव्हीला जोडून खेळायच्या त्या मशीनसाठी त्या डिसेंबरात अख्खं ओसाका शहर वेडं झालं होतं आणि कारखान्याला माल पुरवता येत नव्हता. अशा वेळी घाऊक बाजाराची रीत जुनीच आहे. जे मागतात त्याला जे कुजतंय ते बांधायचं. मग दुकानदारही तेच करतो, एकाच पिशवीत दोन्ही घालून देतो. आया चडफडत पैसे मोजत होत्या. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, दुसरं काय!

यासुओ हिरोबे तीस वर्षं खेळण्यांच्या पेठेत घाऊक गोदामाचा विक्रेता म्हणून फिरत होते. बाहुल्या विकल्या, पत्र्याचे यंत्रमानव विकले, आता हे. त्यांच्या लेखी सगळी खोकीच. पण मशीनला नेमका हाच दीपगृहाचा खेळ बांधला गेला, ती मात्र त्यांची करणी होती. हा खेळ त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, सुमिएच्या नवऱ्यानं केलेला. तोशिकी नागिरा त्याचं नाव. एका लहानशा कंपनीत बसून त्यानं दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदारावर तो खेळ रचला, त्यात वर्षं घातली, आणि उन्हाळ्यात आला तो सरळ गोदामात जाऊन पडला. सुमिए फोनवर रडली. हिरोबेंनी गोदामात शब्द टाकला, "बांधायचंच आहे ना काहीतरी? मग हा बांधा." साहेबाला काय, कुठलाही कचरा खपला म्हणजे झालं. भावानं बहिणीसाठी करावं तेवढं केलं, असं हिरोबेंना वाटलं आणि ते विसरूनही गेले.

धंद्याच्या साप्ताहिकात मात्र दुकानातून किती नग गेले एवढंच मोजतात. मागून नेले की गळ्यात मारले, ते कोण विचारतो? दीपगृहाचा खेळ देशात तिसरा आला.

नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सुमिएनं भावाला जेवायला बोलावलं. तांदळाच्या चिकट वड्यांचं सूप समोर होतं आणि तोशिकी पुन्हापुन्हा साकेची दारू ओतत होता.

"दादा, तिसरा नंबर! नोकरीचा राजीनामा दिला मी. दुसरा भाग आता स्वतःच काढणार. सोमवारी बँकेत सह्या, हे घर तारण ठेवतोय."

हिरोबेंनी वाटी खाली ठेवली. "तोशिकी, अरे, ते आकडे... ते मशीनबरोबर गेलेत."

"ठाऊक आहे मला!" तोशिकी खदखदून हसला. "पण मला सांगा, गोदामात पडेल खेळांचा ढीग होता. त्यातून माझाच का उचलला? कुणीतरी तो खेळलं असणार, दादा. त्याला तो भावला असणार. नाहीतर कोण कुणाचा लागून गेलाय?"

 हिरोबे काय सांगणार होते? तू माझ्या बहिणीचा नवरा, म्हणून?

निघताना ते दारात बूट घालत होते तेव्हा सुमिए मागून आली. "दादा, यांचा खेळ बांधायला लावणारा तूच ना?"

"हो. आत्ता आत जातो आणि सांगून टाकतो. घर जाईल गं, सुमी."

"नको ना! कित्येक वर्षांत हा माणूस असा हसला नाही रे. घर गेलं तर मी बघून घेईन. पण हाच खचला तर मी काय करू?" तिचे डोळे भरून आले होते.

आयुष्यभर तोंडावर पोट भरलेला माणूस, पण त्या दिवशी बुटाच्या नाड्या बांधून तसाच घरी गेला. सोमवारी सह्या झाल्या.

दुसरा भाग यायला दोन वर्षं लागली. तोवर मशीनच्या थप्प्या कुठल्याही दुकानात दिसू लागल्या होत्या आणि माल बांधून विकायला सरकारनं मनाई केली होती. हिरोबे नवा खेळ घेऊन दारोदार हिंडले.

"याच्याबरोबर काय?" ओकुनोबाईंनी विचारलं.

"काही नाही. हाच आहे."

"मग घेऊ कशाला?" बाई म्हणाल्या. वाईट मनानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून. मग हिरोबेंचा चेहरा बघून त्यांनी दोन नग ठेवून घेतले.

घर गेलं. सामान हलवायच्या दिवशी हिरोबे मदतीला गेले. तोशिकी आता पार्सलच्या वखारीत ओझी उचलत होता. पाठ धरली होती, केस पांढरे झाले होते. कपाटाला दोरी बांधता बांधता तो म्हणाला, "दादा, एक मागू? गोदामातल्या त्या माणसाची गाठ घालून द्या. नशिबात नव्हतं ते नव्हतं. पण एकाला तरी तो आवडला होता ना, त्याचे आभार मानायचेत."

हिरोबेंना राहवलं नाही. "मीच तो."

"तुम्ही?" तोशिकीचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही खेळलात, दादा? शेवटपर्यंत?"

"म्हणजे काय! खेळलो तर."

"मग शेवटी काय केलंत? वादळात?"

हजारो खोकी या हातांखालून गेली होती, पण त्यातलं एकही हिरोबेंनी कधी उघडलं नव्हतं. बशांची पेटी घेऊन सुमिए उंबऱ्यात उभी होती. तिनं मान खाली घातली.

"दिवा लावला," हिरोबे म्हणाले. "दुसरं काय करणार?"

 तोशिकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण राग काही आला नाही.

"शेवटी दिवा लावताच येत नाही, दादा," तो हळूच म्हणाला. "तेल संपलेलं असतं. म्हातारा खडकावर उभा राहून रात्रभर हाका मारतो."

मग तो वाकला आणि त्यानं कपाटाची एक बाजू धरली. "तिकडून उचला. जरा जपून, दार निसटतं."