शेवटचीच ओळ

“हे मी लिहिलंय का हो?” नानांनी कागद जावयापुढे सरकवला. ‘भाता’ या शब्दापुढे एवढेच छापलेले होते : ‘पावसाळ्यात कातडे फुगते, म्हणून वर टांगून ठेवतात.’ भाता म्हणजे काय, लोहार तो कशाला वापरतो, याचा पत्ताच नव्हता.

नाना त्याचे सासरे. शाळेत शिकवता शिकवता तीस वर्षे त्यांनी सुतार, लोहार, गवंड्यांच्या दारात बसून त्यांच्या कामाचे शब्द गोळा केले होते. छापखान्याने ती सगळी कार्डे टाइप करून घेतली आणि नानांना विचारूनच रद्दीत घातली. हाती राहिली एक एक्सएमएल फाइल. खुणा आणि शब्द यांचा नुसता काला. माणसाने वाचावी अशी ती नव्हतीच. जावई प्रोग्रामर होता. बावीस वर्षे पर्ल या जुन्या संगणकभाषेत काढल्यामुळे ऑफिसातली मंडळी त्याला ‘म्युझियम’ म्हणत. इथे तरी आपली विद्या उपयोगी पडेल म्हणून तो हौसेने म्हणाला होता, नाना, मी वाचण्याजोगी करून देतो.

एका रविवारी त्याने प्रोग्राम लिहिला. फाइल वाचणारा पार्सर हाका मारत जातो : खूण उघडली, मजकूर आला, खूण मिटली. हाक आली की प्रोग्रामने ते वेगळ्या ओळीवर, नीट समास सोडून लिहायचे. अकराशे पाने निघाली, आणि दिसायला इतकी देखणी की त्याने ती बायकोला दोनदा दाखवली.

नाना तीन महिने ती वाचत होते. सुरुवातीच्या गठ्ठ्यांत अर्धवट अर्थांपुढे लाल पेन्सिलीच्या फुल्या होत्या. शेवटच्या गठ्ठ्यात एकही नव्हती. कोश छापू नका, असे पत्र त्यांनी मागच्याच आठवड्यात छापखान्याला धाडले होते.

“दादाचंही असंच सुरू झालं होतं,” ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. शेवटी शेवटी तो पोटच्या मुलाला पाहुणा समजून, गाडी किती वाजता आहे, असे विचारायचा.

घरी येऊन जावयाने मूळ फाइल उघडली. भात्याचा अर्थ चांगला चार ओळींचा होता. त्याने कपाळावर हात मारला. पार्सर मजकूर एका दमात देत नाही, ओळ संपली की पुन्हा हाक मारतो. आलेला तुकडा आधीच्याला जोडायचा असतो. याचा प्रोग्राम आधीचा तुकडा टाकून नवा ठेवत होता. ही गोष्ट त्याने स्वतः कितीतरी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी बजावली होती. एका ओळीचे अर्थ सुखरूप राहिले. नानांनी जिथे जीव ओतला होता, नेमके तेच भादरले गेले. वाक्य पुरे, पूर्णविराम जागच्या जागी. यंत्राची चूक आहे अशी शंका कुणाला येणार?

प्रोग्राम दुरुस्त करून रात्रीतच त्याने नवी पाने काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आणि बायकोला घेऊन तो नानांकडे गेला. कागदावर ओळी काढून त्याने सगळे समजावले. नानांनी ते अभ्यासू विद्यार्थ्यासारखे ऐकून घेतले.

“म्हणजे चूक तुमच्या प्रोग्रामची.”

“हो नाना. फक्त माझी.”

“आणि माझं डोकं शाबूत.”

“अगदी.”

नाना हसले. त्यांनी त्याच्या हातावर थोपटले. “जावईबापू, तुम्ही फार चांगले आहात.”

त्याने मूळ फाइल दाखवली, तर नाना म्हणाले, ती तुमच्याच हातात आहे की. मग बायको पुढे झाली. “नाना, मी लहान असताना तुम्ही मला कार्डं वाचून दाखवायचात. खूप मोठमोठी असायची.”

“एखादं सांग बरं,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

तिला खोकी आठवत होती, डिंकाचा वास आठवत होता. ओळ एकही आठवेना. तिने नवऱ्याकडे पाहिले, आणि नाना समजायचे ते समजले. लेकीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच नवी पाने जवळ ओढली आणि मधलेच एक मोठ्याने वाचू लागले.

‘ओळंबा : भिंत सरळ उठते आहे का, हे पाहण्याचे गवंड्याचे साधन. दोरी आणि तिच्या टोकाला वजन. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत सोडतात, म्हणजे दोरी हलायची थांबते. मला हे सांगणाऱ्या गवंड्याची दृष्टी गेली होती; तो दोरीला बोट लावून भिंत तपासायचा.’

ते थांबले. तोच मजकूर पुन्हा एकदा मनाशी वाचला. जावई श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

“किती सुंदर लिहिलंयत,” नाना म्हणाले. “मला नसतं जमलं. छापायचं असेल तर खुशाल छापा, पण वर नाव तुमचं घाला.”

मग त्यांनी पानांच्या कडा हलकेच ठोकून जुळवल्या आणि गठ्ठा दोन्ही हातांनी त्याला परत दिला.