फिरत्या वहीतली पुष्पा

उषा सौंसरच्या शाळेत बारा वर्षं पोरांचे पेपर तपासत होती. अक्षर ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? म्हणूनच त्या दिवशी फिरती वही पहिल्यांदाच पहिल्या पानापासून चाळताना तिच्या ते लगेच लक्षात आलं. तिगावच्या पुष्पाचं अक्षर आणि पहिल्या पानावर नियम लिहिणाऱ्या मोरेश्वरचं अक्षर एकच होतं.

पांढुर्ण्याच्या या बुकबाइंडरने १९८४ साली ही वही काढली. बसच्या ड्रायव्हरच्या हाती ती गावोगाव जायची. सतरा-अठरा माणसं लिहीत. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. नियम एकच, आधी मागच्याच्या पानाला उत्तर द्यायचं, मग आपलं लिहायचं. तेवढ्यावर वही तिसऱ्या वर्षात पोचली. नाहीतर आपल्याकडची मंडळं दुसऱ्या सभेलाच फुटतात!

दोन फेऱ्यांमागे उषाने घरातही कधी न बोललेलं लिहिलं होतं. तिचं मूल मेलेलंच जन्मलं, त्याला सहा वर्षं झाली, तरी ती त्याचं वय मोजते. गेल्या फेरीत वही परत आली तेव्हा खाली पुष्पाने लिहिलं होतं, ‘मीही मोजते.’ त्या दोन शब्दांवर उषा महिनाभर शांत झोपली होती. आता तेच शब्द तिला डसत होते. म्हणजे एक पुरुष बाई होऊन आपलं दुःख चघळत होता? चारचौघांत वाचूनही दाखवलं असेल मेल्याने!

रविवारी ती तडक तिगावला गेली.

“गावात पुष्पा तीन हायेत,” पोस्टमन म्हणाला. “दोघींचा अंगठा, अन् तिसरी चार वर्षांची.”

तिथून ती पांढुर्ण्याला मोरेश्वरच्या घरी पोचली आणि वही त्याच्यापुढे आदळली.

“पुष्पा कोण आहे?”

मोरेश्वरने हातातली सुई खाली ठेवली. “बहेनजी, पहिल्या पाच फेऱ्या वही कोरीच परत आली. कोऱ्या पानाले कोणी हात लावेना, बाया तर नाहीच. मंग मीच पुष्पा झालो. तवा लोक लिहायले लागले.”

“आणि माझ्या पानाखालचं? तेही वही चालावी म्हणूनच?”

त्याने सुई पुन्हा उचलली. वही त्याच्या तोंडावर फेकावी असं उषाला वाटलं.

आतून त्याची बायको देवकाबाई आली. “त्यायच्यावर काहून रागावून राहिल्या, बाई? मागच्याले उत्तर देनं नियम हाय, अन् तुमच्या पानाले यायले काही सुचेच ना. दोन दिवस वही घेऊन बसले. मंग मले वाचून दाखवलं. मले लिहिता येत नाही. मी सांगितलं, त्यायनं लिहिलं.”

उषाचा विश्वास बसेना. नवरा खोटा, तर बायको कशावरून खरी?

“तुमचं किती वर्षांचं झालं असतं?” तिने दरडावूनच विचारलं.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकवीस पुरे,” देवकाबाई लगेच म्हणाली. “पोरगी होती. अन् तुमचं?”

सहा वर्षांत उषाला हे कुणीच विचारलं नव्हतं.

“मुलगा,” ती म्हणाली, आणि तिथेच दारात खाली बसली.